लाल फुगा कुठे ठेवायचा?

एप्रिल २०२४ मध्ये लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आरटीईचा अर्ज भरायला बसलो, तोवर शिक्षणाच्या वादावादीशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये हिशेब लिहितो. जॉबवर्कची बिलं, जीएसटी, कामगारांच्या उचली, यातच दिवस जातो. आरटीई म्हणजे खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा गरिबांच्या पोरांना, फी सरकार भरतं, एवढंच कानावर होतं. शिक्षण हक्काचा हा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला, हे नंतर समजलं.

अर्जात पहिलाच घोळ नकाशाचा. स्क्रीनवर एक लाल फुगा येतो, तो ओढत नेऊन नेमका आपल्या घरावर ठेवायचा. मग संगणक तिथून शाळांची अंतरं सांगतो, आणि एक किलोमीटरच्या आतल्या पोरांचा नंबर आधी. अंतर मोजायचं सरळ रेषेत. मधे जयंती नाला आला तरी संगणकाला त्याचं काही नाही. बायको म्हणाली, "पोरगी काय उडत जाणार हाय व्हय?"

आमच्याकडे ओबीसीचा दाखला असल्यामुळे उत्पन्नाची अट लागू नव्हती. आमच्या शॉपमधला हेल्पर मात्र खुल्या गटातला. त्याला वर्षाला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा. लाखाला बारानं भागलं तर महिन्याला आठ हजार तीनशे तेहतीस. त्याचा पगारच मी लिहितो, तो यापेक्षा जास्त आहे. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारा हा माणूस सरकारदरबारी गरीब नाही. 'दाखला मिळतो हो कुठंतरी' असं सांगणारे त्याला भेटलेच, पण त्यानं नाद सोडला.

फुगा ठेवला, शाळांची यादी उघडली आणि मी चक्रावलो. यादीत सगळ्या महापालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळा. नेट कॅफेतला पोरगा म्हणाला, "यंदा असंच हाय, साहेब." पण या शाळांसाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत कशाला? तिथं तर जून महिन्यात पोरीचा हात धरून गेलो तरी नाव घालतात, आणि फी मुळात नाहीच.

झालं होतं असं की ९ फेब्रुवारीला राज्य सरकारनं नियम बदलला होता. विनाअनुदानित खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. कोल्हापूरसारख्या शहरात अशी शाळा परिघात नाही, असं ठिकाण सापडणं अवघड. शेजारच्या कर्नाटकानं हेच २०१९ पासून केलं होतं आणि तिकडे आरटीईच्या जागा एकदम घटल्या होत्या. आमच्यापैकी कुणाला याचा पत्ता नव्हता.

दुपारच्या चहाला हा विषय काढला आणि गोंधळ आणखी वाढला. शॉपचे मालक शेटजी, त्यांचा मुलगा पुण्यात एमबीए करून आलेला. तो म्हणाला, सरकारनं शाळा चालवूच नयेत, पोरामागं ठरावीक रकमेचं व्हाउचर पालकाच्या हातात द्यावं, पालक हवी ती शाळा निवडेल, वाईट शाळा आपोआप बंद पडतील. मिल्टन फ्रीडमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं हे १९५५ मध्येच लिहून ठेवलंय म्हणे. आपली आरटीई त्याचंच अर्धवट रूप.

समोर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी बसले होते. ते उखडले. "चिलीत १९८१ला हेच केलं. मग २००६ला शाळेतली पोरं रस्त्यावर आली, पांढऱ्या-काळ्या गणवेशामुळं लोक त्यांना पेंग्विन म्हणायचे. शेवटी २०१५ला कायदा करावा लागला, की सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळेनं पोरं निवडायची न्हाईत आणि नफा कमवायचा न्हाई. निवड पालकाची नसते, शाळंची असते."

मला दोघांचंही पटत होतं, ही खरी अडचण. आता हेच बघा, आंध्र प्रदेशातल्या गावांत २००८ पासून चार वर्षं एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचं व्हाउचर दिलं, काहींना नाही. शेवटी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची पोरं सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढे, कारण सरकारी शाळांत तो विषय जवळजवळ नव्हताच. आणि खासगी शाळेचा एका मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. शेटजींचा मुलगा म्हणाला, बघा, तिसऱ्या हिश्शात तेच काम. गुरुजी म्हणाले, तिसऱ्या हिश्शात होतं कारण तिथल्या मास्तराला पगार तुटपुंजा देतात. आकडे तेच, आणि दोघं घरी आपापलं जिंकून गेले. हिशेबनीस म्हणून मला हे नवीन नव्हतं.

घरी आईचं एकच. "शाहू महाराजांच्या गावात शाळंसाठी बी लाटरी?" तिचंही चुकीचं नाही. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळी रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हे. मात्र गुरुजींना आवडणार नाही अशी एक गोष्टही त्याच इतिहासात आहे. १९०१ पासून या शहरात जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली, ती त्या त्या समाजाच्या संस्था चालवायच्या आणि दरबार त्यांना जागा आणि मदत द्यायचा. पुढे अनुदानित शाळा त्याच वाटेनं वाढल्या. म्हणजे सरकारचा पैसा दुसऱ्याच्या हातानं शिक्षणावर खर्च होणं आम्हाला शंभर वर्षं ठाऊक आहे. फरक एवढाच की तेव्हा पैसा संस्थेला मिळायचा, आता पोराच्या डोक्यामागे मोजायचा म्हणतात.

आणि सरकारी शाळेत कुणी जात नाही म्हणणाऱ्यांनी गुढीपाडव्याला जरगनगरला जाऊन यावं. महापालिकेची लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर ही मराठी माध्यमाची शाळा. पहिलीच्या प्रवेशासाठी तिथं पालक रात्रीपासून रांग लावतात. फुकट आहे म्हणून नव्हे, फुकट तर बाकीच्या महापालिका शाळाही आहेत. शिकवतात म्हणून. आमच्या घरापासून ती लांब पडते, म्हणून आम्ही रांगेत उभे राहिलो नाही.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारीच्या त्या नियमाला स्थगिती दिली. पुन्हा नव्यानं अर्ज. पुन्हा लाल फुगा, पण आता यादीत खासगी शाळा दिसू लागल्या. राज्यात एक लाखाच्या वर जागा आणि अर्ज दोन लाख चाळीस हजारांवर. जूनमध्ये सोडत निघाली, पण यादी कोर्टात अडकली. १५ जूनला शाळा सुरू झाल्या आणि लेक कुठंच नाही. आम्ही तिचं नाव घराजवळच्या महापालिका शाळेत घातलं. १९ जुलैला न्यायालयानं नियम रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी यादी लागली. लेकीचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. ते तिथंच राहिलं.

शेजारी धुणीभांडी करणाऱ्या ताई राहतात, त्यांच्या मुलाचा नंबर लागला. त्यांच्यासोबत कागद घेऊन मीच गेलो. शाळेच्या क्लार्कनं पुस्तकं, दोन गणवेश, बूट, गाडीभाडं अशी यादी हातात दिली. फी माफ, बाकी तुमचं. नियम काय म्हणतो असं विचारलं, तर म्हणाला, "सरकारचे पैसे आले की बघू." शाळेचं नाव सांगत नाही, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. एका मुलामागे वर्षाला सतरा हजार सहाशे सत्तर रुपयांची प्रतिपूर्ती ठरलेली, आणि ती वर्षानुवर्षं थकलेली. आमच्या शॉपमध्ये कुणी एवढी उधारी ठेवली तर शेटजी मालच सोडणार नाहीत. म्हणून यादीतलं अर्धं ओझं ताईंच्या पदरात पडलं. त्यांनी भिशी उचलली.

पुढचं कुणी ताईंना सांगितलंच नव्हतं. मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीला तोच मुलगा, तीच शाळा, आणि पूर्ण फी.

माझी लेक आता महापालिका शाळेत आहे. बाई चांगल्या आहेत, पण त्या एकट्याच दोन वर्ग सांभाळतात. सरकारनं फेब्रुवारीत आम्हाला सांगितलं की तुमच्या किलोमीटरभरात आमची शाळा आहे, तिथंच या. चला, आलो. पण येणाऱ्यांसाठी एक जादा शिक्षक नेमलेला मी तरी पाहिला नाही. तो नियम शाळांवरच्या विश्वासापोटी आला असता तर मी त्याच्या बाजूनं बोललो असतो. मला तर तो थकलेली बिलं टाळण्याचा मार्ग दिसला. आणि विचारायचं कुणाला? नोव्हेंबर २०२० पासून कोल्हापूर महापालिकेवर प्रशासक होता, वॉर्डात नगरसेवकच नव्हता.

व्हाउचर चांगलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. पण जरगनगरसारख्या चार शाळा शहराच्या चार बाजूंना असत्या, तर मी नेट कॅफेची पायरी चढलो नसतो आणि ताईंनी भिशी उचलली नसती.

अर्ज भरणाऱ्यांनी जरूर भरावा, हक्काचा आहे. फुगा नीट घराच्या छपरावर ठेवा. नंबर लागला तर गणवेश-पुस्तकांचा खर्च आणि नववीची फी शाळेकडून लेखी मागून घ्या. आणि नंबर लागो न लागो, घराजवळच्या महापालिका शाळेत एकदा जाऊन पहिलीला शिक्षक किती, ते मोजून या.