विस्तवाची उंची

स्वयंपाकघरातला विस्तव हळूहळू उभे राहायला शिकला, असे मला वाटते. आमच्या आजीच्या काळी तो जमिनीवर मांडी घालून बसत असे. चूल, तिच्या शेजारी वैल आणि समोर पाटावर आजी. चुलीचा उरलासुरला जाळ वैलाला मिळे आणि त्यावर आमटी रटरटत राही. पुढे गॅस आला, ओटा आला आणि विस्तव कमरेइतका उंच झाला. आता तर तो ओट्यावरूनही उठून कपाटात शिरला आहे. त्या कपाटाला टॉल युनिट म्हणतात.

नाव नवे, पण वस्तू अगदीच परकी नाही. आमच्या मलकापुरातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत फडताळे असत. भिंतीने आपल्या पोटात करून दिलेली जागा म्हणजे फडताळ. त्यात लोणच्याची बरणी असे, तुपाचा सट असे. विस्तव मात्र कोणी ठेवत नसे. टॉल युनिटात ओव्हन बसतो आणि त्याच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह. १९४७ साली निघालेला पहिला मायक्रोवेव्ह जवळजवळ माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोंहून जड होता. त्याला कपाटात बसवण्याचा प्रश्नच नव्हता. तो स्वतःच कपाट होता!

यंदा आमच्या घरी हे प्रकरण आले, तेव्हा मिस्त्रींकडून मी बरेच शिकलो. कपाट ६० सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंच्या फळ्या १८ मिलिमीटरच्या. म्हणजे आत उरतात ५६४ मिलिमीटर. ओव्हन नेमका तेवढ्यात मावतो. ओव्हनच्या कप्प्याची उंची ६० सेंटिमीटर, मायक्रोवेव्हच्या कप्प्याची ३८. मागची फळी काढायची, खाली-वर फट ठेवायची. नाहीतर गरम हवा कोंडते. १६ अँपिअरचा प्लग यंत्राच्या मागे न घेता शेजारच्या कप्प्यात घ्यायचा. नाहीतर यंत्र आत सरकत नाही आणि बटण हाताला लागत नाही. आमच्याकडे आंबा घाटाच्या बाजूने येणारा पाऊस भिंतींना महिनामहिना ओल देतो, म्हणून तळाला पाण्याला दाद न देणारे प्लाय. सगळे कसे चोख!

नकाशा पाहायला आईला बोलावले. तिने चष्मा लावला आणि विचारले,

"मिस्त्री, उकळतं दूध मी डोक्यावरून उतरवायचं होय?"

"काकू, सगळीकडं असंच बसवत्यात."

मी टेप घेऊन हिशेब केला. ओव्हन ओट्याच्या पातळीपासून, म्हणजे ८५ सेंटिमीटरपासून सुरू. त्यावर ६०. मायक्रोवेव्हचा तळ १४५ सेंटिमीटरवर. आईची उंची १४७.

घरातली जी थोडी कामे शहात्तराव्या वर्षी आईच्या हाती उरली आहेत, त्यांत सकाळी आपले दूध आपण गरम करून घेणे हे एक. यंत्र वर गेले की तेवढ्यासाठी तिला सुनेला हाक मारावी लागणार. सून धावत येईल, यात शंका नाही. पण पन्नास वर्षे ज्या घराला तिने जेवू घातले, तिथे पेलाभर दुधासाठी वाट पाहत बसणे, हे मला काही बरे वाटेना.

१९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी फ्रँकफुर्टच्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले, ते बाईची पावले वाचावीत म्हणून. आपल्या नकाशांत पावलांचा हिशेब असतो. कोपराचा सहसा नसतो. यंत्राचे माप कंपनी कागदावर छापून देते. माणसाचे माप ज्याचे त्याने घ्यायचे.

मिस्त्री शहाणा माणूस. तो नकाशा बाजूला ठेवून म्हणाला, "काकू, जरा भिंतीशी उभ्या राहा बघू." आई लाजत उभी राहिली. तिच्या कोपराशी त्याने पेन्सिलीने रेघ ओढली. मग नकाशा उलटला. आठवड्यातून एकदा नानकटाईसाठी लागणारा ओव्हन खाली गेला. त्यासाठी वाकायला आम्ही धडधाकट आहोत. रोज लागणारा मायक्रोवेव्ह त्या रेघेशी आला. त्याचे दार डावीकडे उघडते, म्हणून उजवीकडे ओटा मोकळा ठेवला, म्हणजे तापलेला पेला लगेच टेकवता येतो.

शेजारीपाजारी येतात आणि म्हणतात, "तुमचं उलटं बसलंय."

आई त्यांना दूध गरम करून देते.