सरमेचे पोर

महाभारताच्या आरंभीच, पौष्यपर्वात, एक कुत्रा मार खातो. जनमेजय भावांसह कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असता सरमा नामक देवशुनीचे पोर तेथे येते आणि राजाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. पोर रडत आईकडे जाते. 'काही अपराध केला असशील,' आई म्हणते. हविर्द्रव्य चाटले तर नाहीच, तिकडे पाहिलेही नाही, असे ते सांगते. तेव्हा सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही, तेव्हा शाप देते. तीस वर्षे ही कथा मी वर्गात रंगवून सांगितली. सांगताना टेबलावर उजव्या हाताशी वेताची छडी असे. त्यात मला कधी विसंगती दिसली नाही.

आमच्या घराण्यात वैश्वदेवानंतर श्वानबळी अंगणाबाहेर ठेवीत. कुत्र्याशी संबंध तेवढाच, तोही उंबऱ्यापलीकडला. त्यामुळे पुतणीने मला कोल्हापूरबाहेरच्या एका श्वान-निवाऱ्यात नेले ते काहीसे बळेच. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटके कुत्रे धरून, नसबंदी व रेबीजची लस करून मूळ जागी सोडतात. मागे राहतात ते लंगडे, म्हातारे आणि मालकांनी टाकलेले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके येथून उचललेली कुत्री परत तेथे सोडू नयेत असा आदेश दिला. तेव्हा अशा जागांवरचा भार वाढणार हे उघड आहे.

आत पाऊल टाकताच गजांमागून असा कल्लोळ उठला की मी दाराशीच थबकलो. घरी न्यायला आलेला माणूसही हा थयथयाट पाहून परत फिरतो. कुत्रा आतच राहतो, आणि आत राहून अधिकच भुंकतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निवाऱ्यातील पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे द्रव्य घरच्या कुत्र्यांच्या सुमारे तिप्पट आढळले होते. म्हणजे आपण ज्याला माजोरीपणा समजतो, तो पुष्कळदा धसका असतो.

पुतणीच्या कमरेला भाकरीच्या तुकड्यांची पिशवी होती. कुत्रा क्षणभर गप्प झाला की तत्काळ तुकडा. क्षण हुकला की धडा हुकला. हे मला फार पटले. गुणाला बक्षीस! पण पुढच्याच गजाशी तिने घसा फोडून भुंकणाऱ्या तांबड्यालाही तुकडा टाकला.

"अगं, हा कुठला न्याय?" मी विचारले.

"काका, ह्याला अजून गप्प बसणे ठाऊकच नाही. पाऊल वाजले की भाकरी येते, एवढे आधी कळू दे."

मग तिने सांगितले की, प्रोटोपोपोवा आणि विन या संशोधकांनी २०१५ साली दोन्ही रीती पडताळल्या, आणि वर्तनाची अट न घालता दिलेल्या खाऊनेही गजांमागचे अवांछित वर्तन कमी झाले. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेबरोबर अन्न आठवे, तसे येथे पावलांबरोबर. मग भुंकायचे कशाला?

पावले! माझी पावले व्हरांड्यात वाजली की वर्ग चिडीचूप होई. त्याला मी शिस्त म्हणत आलो. नववीतला एक मुलगा रोज उशिरा येई. मी काही बोलण्यापूर्वीच तो दारात उभा राहून हात पुढे करी, आणि मी दोन छड्या देई. पहाटे गंगावेशीत म्हशींच्या धारा काढून तो शाळेत येत असे, हे मला तो शाळा सोडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळले. त्याच्या आईने येऊन जाब विचारला नाही. विचारला असता तर माझ्यापाशी तरी काय उत्तर होते?

आता रविवारी मीही जातो. सौ. शनिवारी रात्री एक भाकरी जास्त थापते. कोणासाठी, हे विचारीत नाही. तांबड्या मला पाहून अजून भुंकतो, पण पूर्वीइतका वेळ नाही. गेल्या रविवारी तुकडा हातावर धरून मी बराच वेळ उकिडवा बसलो. त्याने घेतला नाही. शेवटी खाली ठेवून मी पाठ वळविली, तेव्हा मागे जिभेचा आवाज आला.