मधली खुर्ची

मनुष्यास कान दोन. या दोन कानांच्या बळावर तो अंधारांतहि आईची हांक कोणत्या खोलींतून आली तें ओळखतो, आणि रस्त्यांत मागून सायकलची घंटा वाजली तर पाठ न वळवितां योग्य त्या बाजूस सरतो. इतकें असतां त्या दोन कानांभोंवतीं सहा ध्वनिपेट्या मांडण्याची बुद्धि आम्हांस कां व्हावी, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतीनें केला, तेव्हां आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. दिवाळीचा बोनस हातीं आला होता. एका स्नेह्याच्या घरीं चित्रपटांतला पाऊस आम्हीं आपल्या पाठीमागें पडतांना ऐकला होता. आणि त्या दिवसापासून घरचा टीव्ही आम्हांस मुका वाटूं लागला होता. खरें कारण एवढेंच.

खोकीं घरीं आलीं. त्यांत रिसीव्हर नांवाची एक जड काळी पेटी, पांच स्पीकर आणि सबवूफर नांवाचा एक ठेंगणा, गंभीर गृहस्थ होता. रिसीव्हर हा या सभेचा अध्यक्ष. चित्रपटाचा ध्वनि प्रथम त्याच्या हातीं पडतो आणि तो ज्याचा भाग त्याला वांटून देतो. पात्रांचें बोलणें बहुतेक मधल्या स्पीकरच्या वांट्यास येतें. संगीत व पडद्यावरील हालचाल पुढच्या डाव्या-उजव्याच्या. पाऊस, पांखरें, बाजारांतली गर्दी मागच्या दोघांच्या. आणि ढगांचा गडगडाट त्या ठेंगण्या गृहस्थाच्या. पांच पुरते आणि एक केवळ खर्जापुरता, म्हणून या मांडणीस ५.१ म्हणतात. ही हौस आजकालचीच आहे असें कोणी समजूं नये. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेसिया’ या चित्रपटासाठीं १९४० सालींच अमेरिकेंतील कांहीं थिएटरांत प्रेक्षकांच्या भोंवतीं आवाज फिरविण्याचा प्रयोग झाला होता. परंतु त्याची यंत्रसामग्री फार खर्चाची असल्यामुळें तो सर्वत्र पसरला नाहीं. पुढें १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बीची ५.१ पद्धत चित्रपटगृहांत आली, आणि तेथून ती हळूहळू आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यांत शिरली.

प्रत्येक स्पीकरला दोन तारा. एक तांबड्या खुंटीची, दुसरी काळ्या खुंटीची. इतकी सोपी गोष्ट चुकणें शक्य नाहीं असें आम्हीं घरांत जाहीर केलें, आणि तीच चुकलों. पुढच्या डाव्या स्पीकरच्या तारा उलट लागल्या. सारे स्पीकर वाजत होते. पण गाणारी बाई डोळ्यांपुढें असून तिचा आवाज कोठून येतो तें कळेना, आणि ढोलकीचा तर दमच गेलेला. आमच्या नववींतल्या चिरंजीवांनीं निदान केलें: एका स्पीकरचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, मग खालचे स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. लाटेचा माथा व लाटेचा तळ यांविषयीं आम्हीहि शाळेंत उत्तर लिहिलें होतें व गुणहि मिळविले होते. परंतु तें ज्ञान भिंतीमागच्या दोन तारांपर्यंत पोंचावयास इतकीं वर्षें लागलीं.

नंतर स्पीकर मांडण्याचें काम. या शास्त्रांत ऐकणाराची खुर्ची हें केंद्र. तिच्यापासून समोर एक सरळ रेषा ओढावी. पुढचे दोन स्पीकर त्या रेषेच्या दोहों बाजूंस तीस-तीस अंशांवर असावेत, आणि बाजूचे दोन कानांच्या किंचित् मागें, सुमारें एकशेंदहा अंशांवर. मुलीच्या कंपासपेटींतला कोनमापक व वाण्याकडील सुतळी घेऊन आम्ही भूमितीस लागलों. कागदावर खोली नेहमी चौकोनी असते. प्रत्यक्षांत तिला एकीकडे दार असतें आणि दुसरीकडे खिडकी. आमच्या खिडकीपाशीं अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, आरामखुर्ची गेलीं वीस वर्षें आहे. मागचा उजवा स्पीकर नेमका तिच्या डोक्यावर आला.

“अण्णा, तुम्हांला त्रास नाहीं ना व्हायचा?” आम्हीं विचारलें.

“मला कसला त्रास? लाव तूं,” अण्णा म्हणाले.

सबवूफरसाठीं जागा शोधण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. खर्जाचे स्वर खोलीच्या कांहीं कोपऱ्यांत फुगतात, कांहीं ठिकाणीं विरून जातात. म्हणून सबवूफरला ऐकणाराच्या जागीं ठेवावें, खर्जाचें गाणें लावावें, आणि आपण जमिनीवर रांगत जेथें तें नीटनेटकें ऐकूं येईल ती जागा हेरावी. तेथें सबवूफर ठेवला कीं तोच नाद खुर्चीवर मिळतो. त्याप्रमाणें सबवूफर आमच्या खुर्चीवर विराजमान झाला आणि आम्ही भिंतीच्या कडेनें रांगूं लागलों. इतक्यांत अण्णा आंत आले. क्षणभर पाहून म्हणाले, “काय रे, किल्ली हरवली का?” आम्हीं खालूनच कांहींतरी सांगितलें. त्यांनीं मान हलविली आणि तेहि वांकून किल्ली शोधूं लागले. सर्वजण हंसले. आम्हीहि हंसलों. आमचें उत्तर त्यांस ऐकूंच गेलें नव्हतें, हें त्या वेळीं कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं.

शेवटचा विधि मोजमापाचा. रिसीव्हरबरोबर एक लहानसा मायक्रोफोन येतो. तो खुर्चीपाशीं, ऐकणाराच्या कानाच्या उंचीवर ठेवावयाचा. पंखे बंद, बोलणें बंद. स्वयंपाकघरांतल्या कुकरनें मध्येंच शिटी दिली म्हणून सारें पुन्हां करावें लागलें. प्रत्येक स्पीकर पाळीपाळीनें विशिष्ट नाद काढतो, आणि तो मायक्रोफोनपर्यंत पोंचावयास किती वेळ लागला यावरून रिसीव्हर अंतर काढतो. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरास जवळ जवळ तीन मिलिसेकंद. जो स्पीकर जवळ आहे त्याला रिसीव्हर तेवढा थांबवून धरतो, दूरच्याची वाट पाहावयास लावतो, आणि मग सर्वांचा आवाज एकदम पोंचतो. ही व्यवस्था आम्हांस फार न्यायाची वाटली. मायक्रोफोन अर्थात् आमच्या खुर्चीवर होता.

त्या रात्रीं नवा चित्रपट लावला. वादळ झालें, विमान डोक्यावरून गेलें, मुलांनीं टाळ्या पिटल्या. दहा मिनिटांनीं अण्णा उठले, “छान आहे हो,” म्हणाले आणि आपल्या खोलींत गेले. दुसऱ्या दिवशींहि तसेंच. म्हाताऱ्या माणसास गोंगाट सोसत नाहीं, असा आम्हीं निवाडा केला व निश्चिंत झालों.

तिसऱ्या दिवशीं धाकटी मुलगी सहज म्हणाली, “बाबा, आजोबा टीव्हीकडे बघून हसत नाहींत, आपल्याकडे बघून हसतात.”

आम्ही चपापलों. मग एकेक गोष्ट आठवूं लागली. अण्णा वर्तमानपत्र वाचून झाल्यावरहि बातम्यांच्या वेळीं तेंच पुढें धरून बसत. फोनवर “बरं, बरं” यापलीकडे बोलत नसत. पूर्वीं वादांत पहिलें वाक्य त्यांचें असे. गेलीं दोन वर्षें ते शांत झाले, वयानें समंजस झाले, असें आम्ही लोकांस कौतुकानें सांगत होतों. आम्ही खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यांत कान लावून फिरलों, पण घरांतले दोन कान मंदावले हें आम्हांस कळलें नाहीं.

कानाच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हें वयोमानाचें आहे. यांत उंच स्वर आधीं जातात. बोलण्यांतले स्वर खालच्या पट्टींत असतात, ते ऐकूं येतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखीं व्यंजनें वरच्या पट्टींतलीं, तीं निसटतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाहीं. आणि ओरडून बोललें तर शब्द कळण्याऐवजीं केवळ दणका बसतो. कानांत घालण्याचें यंत्र घ्यावें असा त्यांचा सल्ला पडला. अण्णा त्यावर अजून विचार करीत आहेत.

तोंवर आमच्या हातीं होतें तें आम्हीं केलें. आमची खुर्ची उचलली आणि अण्णांची आरामखुर्ची मधोमध आणली. त्यांना तीवर बसवून मायक्रोफोन त्यांच्या कानाच्या उंचीस लावला आणि सारें मोजमाप पुन्हां घेतलें. मधल्या स्पीकरचा आवाज तीन डेसिबलनें वाढविला, मागच्या दोघांचा उतरविला. रात्रीं ऐकण्यासाठीं म्हणून रिसीव्हरांत एक सोय असते. तिनें मोठे आवाज दबतात व लहान वर येतात. तीहि सुरू केली. मुलांचें वादळ थोडें मवाळ झालें. त्यांनीं तक्रार केली नाहीं.

मग ‘गुळाचा गणपती’ लावला. पु. ल. देशपांडे यांचा हा चित्रपट १९५३ सालचा. त्या काळच्या मराठी चित्रपटांचा ध्वनि एकाच धारेचा. दोन्ही बाजूंस सारखाच असलेला आवाज रिसीव्हर मधल्याकडे पाठवितो. म्हणून आमच्या सहा पेट्यांपैकीं पांच जवळ जवळ मुक्या राहिल्या आणि एकटी मधली बोलूं लागली. अण्णा किंचित् पुढें झुकून बसले होते. थोड्या वेळानें ते हंसले, आणि आमच्या आधीं हंसले. कोणाकडे पाहून नव्हे.

चित्रपट त्यांस पाठच असेल अशी शंका आम्हांस आली, कारण मनुष्याच्या मनास आनंद सरळ घेतां येत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं बातम्या चालू असतां अण्णा एकदम म्हणाले, “हा बातमीदार ‘शासन’ म्हणायच्या जागीं ‘सासन’ म्हणतो. कोणी शिकवलं याला?” आणि त्यावर त्यांनीं सौभाग्यवतीशीं पंधरा मिनिटें वाद घातला. इतकें गोड भांडण आमच्या घरांत बरेच दिवसांत झालें नव्हतें.

आतां खिडकीपाशीं आम्ही बसतों. मागचा उजवा स्पीकर आमच्या कानाशींच आहे, त्यामुळें चित्रपटांत पाऊस लागला कीं तो आम्हांपुरता एकाच बाजूनें पडतो. शास्त्राच्या दृष्टीनें ही खोलींतली सर्वांत वाईट जागा. पण येथून मधली खुर्ची चांगली दिसते.