गिट्टीचा रस्ता आणि दोन क्विंटलांची बुलेट



आपला बुलढाणा जिल्हा दोन पायऱ्यांवर वसला आहे. वरच्या पायरीवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा पठारी मुलूख. राजूरचा घाट उतरला की मोताळा, मलकापूर, नांदुरा ही खालची पायरी. तिथून पूर्णा ओलांडून गेले की जळगाव जामोद, संग्रामपूर आणि त्यांच्या पाठीशी सातपुडा. शेतकऱ्यांच्या बांधावर जाण्याच्या नोकरीमुळे ही वाट दुचाकीने किती वेळा तुडवली, त्याची मोजदाद नाही.

अलीकडे खेडोपाडी एक नवी गोष्ट दिसते. सोयाबीनचे पैसे हाती आले की घरचा तरुण बुलेट मागतो, नाहीतर तशीच लांब, बुटक्या बैठकीची क्रूझर गाडी. घ्यावी की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. घेतली असेल, तर ती आपल्या रस्त्यांवर कशी सांभाळावी, ते मात्र ऐका.

ही गाडी आपल्याकडे नवी नाही. मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली, त्याच्याही आधीपासून बुलेट भारतात आहे. आजच्या ३५० सीसी बुलेटचे वजन सुमारे १९५ किलो भरते. म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल, सोयाबीनची चार पोती! वर दोन माणसे बसली की तीन क्विंटलांच्या पुढे. डांबरी रस्त्यावर हे वजन गाडीला ठाम ठेवते. गिट्टीवर मात्र गाडी एकदा कलली की एकट्याला आवरत नाही, आणि पाय खाली सापडला तर हाड मोडते.

समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा बुलेटवाल्याच्या नशिबी आपले जुने रस्ते, अर्धवट खडीकरण झालेले फाटे आणि शेताच्या पांदणीच आहेत.

पठारावरची गिट्टी काळ्या पाषाणाची. कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसाचा हा दगड. याच पाषाणात उल्का आदळून लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर झाले. हा दगड फोडला की धारदार कोनांचे तुकडे पडतात. मुरूम, पाणी आणि रोलर मिळाला की ते एकमेकांत घट्ट बसतात. रोलर फिरला नसेल, तर खळ्यात सांडलेल्या हरभऱ्यावर पाय पडावा तसे चाक निसटते.

अशा रस्त्यावर चाकोरी धरा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेल्या दोन पट्ट्या घट्ट असतात. मधला उंचवटा आणि कडा सुट्या. पट्टी बदलायचीच झाली तर वेग कमी करून, हळूहळू बदला. हँडल आवळून धरू नका. कासरा सतत ओढला की बैल बिथरतो, तसेच हे आहे. पुढचे चाक थोडे डावे-उजवे हलणारच, त्याला हलू द्या. टाकी गुडघ्यांनी धरा आणि नजर दहा-वीस पावले पुढे ठेवा.

घाटातून किंवा उतारावरून येताना वेग वळणाच्या आधीच कमी करा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरते. गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर पुढचे चाक घसरलेच म्हणून समजा. गाडी सरळ करा, मागचा ब्रेक बेताने लावा, पुढच्याला नुसता स्पर्श. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्याने चाक जाम होत नाही हे खरे, पण सुट्या गिट्टीवर गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागते. त्या भरवशावर बैलगाडीच्या मागे चिकटून जाऊ नका.

घाटाखालची गोष्ट निराळी. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा निचराही लवकर होत नाही. पावसानंतर ही माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते. हलकी मोपेड ढकलता येईल, दोन क्विंटलांची बुलेट कोण ढकलणार? तेव्हा मुरमाचा रस्ता सोडून पांदणीत गाडी घालू नका. गाडी गावात ठेवा आणि वावरात पायी जा. उभी करतानाही स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर स्टँड मातीत रुतून गाडी आडवी होईल.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी. एका बाजूला पाय सोडून बसले की वजन एकीकडे जाते आणि गिट्टीवर चालवणाऱ्याला तोल सापडत नाही. शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसा. ते जमत नसेल, तर खराब तुकडा येताच खुशाल उतरा आणि चार पावले चाला. पदर आवरून घ्या. लेकराला टाकीवर बसवू देऊ नका. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्याला, दोघांनाही कायद्याने बंधनकारक आहे. गावातल्या गावात जायचे म्हणून ते खुंटीला ठेवू नका, कारण गिट्टी गावातल्याच रस्त्यावर असते.

गाडी पडलीच, तर आधी इंजिन बंद करा. वाकून एकट्याने उचलू नका, कंबर जाईल. शेजारच्या वावरातून माणूस बोलवा. आपल्याकडे हाक मारली की कोणी ना कोणी धावून येतेच.