मधली काच

भोसरी-पिंपरीतले बहुतेक कारखाने गुरुवारी बंद असतात. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून ठरलेली ही सुट्टी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला फार लाभते. रविवारी टेकडी, नदीकाठ, धरण, सगळीकडे माणसं. गुरुवारी सकाळी मात्र एमआयडीसीचे आतले रस्ते मोकळे असतात. दोन शेडच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर गवत वाढलेलं असतं, त्यात टिटव्या फिरतात, डोंबारी उडून पुन्हा तिथेच बसतात, तारेवर वेडे राघू आणि त्यांच्यापासून जरा लांब एखादी कापशी. चाकणच्या बाजूला निघोजे, वराळे, सावरदरीकडे असे प्लॉट अजून आहेत. मी या पट्ट्यात टूलरूमला काम करतो आणि माझे बहुतेक फोटोही याच पट्ट्यातले आहेत.

इथे पक्ष्याच्या किती जवळ जायचं हे आपल्या हातात नसतं. प्लॉटला तारेचं कुंपण, नाहीतर भिंत. गेटवर सिक्युरिटी. पवनेच्या काठाने रावेतच्या बंधाऱ्याकडे गेलं तर काठाशी चिखल आणि जलपर्णी, आणि वारकरी बदकं पार मधल्या पाण्यात. देहूरोडला लष्कराची हद्द, तिथे कॅमेरा बॅगेतून काढायचाच नाही. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या आवारात झाडं लावून घेतली, तलाव करून घेतला आणि त्यावर पक्षी येऊ लागले, ही पिंपरीची मोठी अभिमानाची गोष्ट आहे. पण तो तलावही कंपाउंडच्या आत.

म्हणून इथल्या प्रत्येक नव्या फोटोग्राफरला पहिली ओढ लागते ती लांब लेन्सची. 600 मिलिमीटर एफ/4 ची किंमत दहा लाखांच्या वर जाते, हे कळल्यावर मग तो मला कन्व्हर्टरबद्दल विचारतो. नाइलाजाची, गरिबाची सोय म्हणून विचारतो. माझं मत वेगळं आहे. माझ्याकडे 300 मिलिमीटर एफ/4 आणि 1.4 चा टेलिकन्व्हर्टर आहे, आणि उद्या कोणी मोठी लेन्स हातात ठेवली तरी या पट्ट्यात रोज फिरायला मी हीच जोडी घेईन.

वजनाचं आधी सांगतो. कॅननची ईएफ 600 एफ/4, दुसरी आवृत्ती, 3,920 ग्रॅमची. ईएफ 300 एफ/4 आयएस 1,190 ग्रॅमची आणि 1.4 चा तिसऱ्या पिढीचा एक्सटेंडर 225 ग्रॅमचा. दोन्ही मिळून दीड किलोच्या आत. तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकीवरून पाठीवरच्या सॅकमध्ये हे नेता येतं आणि हातात धरूनच फोटो काढता येतो. ट्रायपॉडवर पांढरी तोफ लावून कंपनीच्या भिंतीजवळ उभं राहिलं की दहा मिनिटांत गार्ड येतो, आणि त्याने यावंच, ते त्याचं कामच आहे. लहान लेन्सवाल्याला तो नुसतं विचारतो, "काय सापडलं का, साहेब?"

कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी आखूड नळी. आतल्या काचांचा एकत्रित परिणाम अंतर्गोल भिंगाचा असतो. लेन्समधून आलेले किरण सेन्सरवर एकत्र येण्याआधी ही काच त्यांना थोडं पसरवते आणि प्रतिमा मोठी पडते. आकाश बघणाऱ्यांना ही युक्ती बार्लो लेन्स म्हणून ठाऊक आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने 1830 च्या दशकात ती पुढे आणली. 1891 साली लंडनमध्ये टी. आर. डॉलमेयर यांनी साध्या लेन्सच्या मागे असाच अंतर्गोल गट जोडून टेलिफोटो तयार केली. टेलिफोटोच्या मूळ रचनेतच पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल गट असतो. कन्व्हर्टर लेन्सच्या आत चाललेलं तेच काम आणखी थोडं पुढे नेतो. त्याला 'जुगाड' म्हटलेलं मला आवडत नाही ते यामुळे.

आता प्रकाशाचं. प्रतिमा 1.4 पट लांब-रुंद झाली की क्षेत्रफळ दुप्पट होतं, तेवढाच प्रकाश दुप्पट जागेत पसरतो, म्हणून एक स्टॉप जातो. 300 एफ/4 ची 420 एफ/5.6 होते. 2 च्या कन्व्हर्टरने दोन स्टॉप जातात, 600 एफ/8 मिळते. इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण 300 ला 4 ने भागा, 75 येतात. 420 ला 5.6 ने भागा, पुन्हा 75. 600 ला 8 ने भागा, तेच 75. पक्ष्याकडून येणारा प्रकाश आत घेणारं तोंड 75 मिलिमीटरचं होतं, आणि मागे काहीही जोडलं तरी तेवढंच राहिलं. खऱ्या 600 एफ/4 चं तोंड 150 मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. तिचे दहा लाख लागतात ते या काचेला. संध्याकाळी पाचनंतर, पहिल्या पाळीची माणसं घरी पोचल्यावर, कापशी शिकारीला निघते तेव्हा हा चौपट प्रकाश काय असतो ते कळतं. तिथे कन्व्हर्टर हरतो, आणि हे घेणाऱ्याला आधीच स्वच्छ सांगायला हवं.

मग प्रकाश वाढत नसेल तर नुसता क्रॉप का करू नये? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मायक्रॉनमध्ये आहे, जो आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. 24 मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे 6 मायक्रॉन रुंद असतो. चांगली लेन्स याहून बारीक तपशील देऊ शकते, पण तो एका पिक्सेलमध्ये गोळा होऊन हरवतो. कन्व्हर्टर तो मोठा करून जास्त पिक्सेलवर पसरवतो आणि पिसांच्या रेघा सुट्या दिसतात. एपीएस-सी कॅमेऱ्यात तेवढेच मेगापिक्सेल सुमारे 4 मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये बसलेले असतात, तिथे हा फायदा कमी होतो. शिवाय एफ/8 ला विवर्तनामुळे हिरव्या प्रकाशाचा एकेक बिंदूच सुमारे 11 मायक्रॉनचा पडतो. बारीक पिक्सेलचा कॅमेरा आणि 2 चा कन्व्हर्टर ही जोडी म्हणूनच माझ्या मते बहुतेक वेळा पैसे वाया घालवते.

टूलरूममध्ये खोल बोअर करायचा असला की आम्ही बोअरिंग बारला एक्सटेन्शन लावतो. एक्सटेन्शन कितीही चोख ग्राइंड केलेलं असो, स्पिंडलचा रनआउट टोकाला वाढूनच दिसतो, चॅटर येतो, कट हलका घ्यावा लागतो. जाणता ऑपरेटर म्हणून आधी एक्सटेन्शनशिवाय डायल लावून बघतो. लेन्सचंही मी तसंच करतो: आधी ती एकटी, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, भिंतीवर चिकटवलेल्या छापील कागदावर. कडेची अक्षरं तिथेच विरघळत असतील तर कन्व्हर्टर तो दोष 1.4 पट मोठा करून देणार. एफ/6.3 ला संपणाऱ्या स्वस्त झूमला तो लावू नये. काही लेन्सना तर तो बसतच नाही, कारण त्याची पुढची काच माउंटच्या बाहेर येते आणि लेन्सच्या मागच्या काचेला भिडते. जुन्या डीएसएलआरवर फोकसची बारीक दुरुस्ती लेन्स एकटी असताना वेगळी आणि कन्व्हर्टरसह वेगळी करावी लागते. चांगले कॅमेरे दोन्ही आकडे लक्षात ठेवतात. ही दुरुस्ती टाळू नये. दहा मीटरवरच्या पक्ष्याला 420 एफ/5.6 ने जेमतेम वीतभर खोली फोकसमध्ये मिळते.

आणि हवा. आमच्या पट्ट्यात मोठेपणाची हद्द शेवटी हवाच ठरवते. डिसेंबरच्या सकाळी पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यात धुकं, धूर आणि रस्त्याची धूळ मिळून एक राखाडी थर साचतो. तो विरतो तोवर पत्र्याच्या शेड आणि डांबर तापतात आणि वरची हवा थरथरू लागते. शंभर मीटरवरची टिटवी अशा हवेत 600 ने घेतली तरी कडा लोण्यासारख्या मऊच येतात. दहा लाखांची काच ही हवा पुसून देत नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, 1944 पासून चालत आलेल्या संस्थेत दुर्बीण शिकलेला कोणीही हेच सांगेल, की आकाश अस्थिर असलं तर मोठेपणा उतरवायचा. कन्व्हर्टरवाल्याला तो उतरवता येतो. हवा नितळ असेल तर 420, बिघडली की 300, आणि कापशी अगदी डोक्यावर येऊन पंख फडफडवत एका जागी थांबली तरीही 300. ही मोकळीक मोठ्या लेन्सवाल्यांनाही हवीशी वाटते. कॅननने 2013 मध्ये 200-400 एफ/4 च्या पोटातच 1.4 चा एक्सटेंडर बसवला, निकॉनने 2022 मध्ये 600 एफ/4 च्या. एक खटका दाबला की काच आत, दाबला की बाहेर. आम्हाला ती हाताने बदलावी लागते, आणि एमआयडीसीत ग्राइंडिंगची धूळ हवेतच असते, म्हणून ते काम मी सॅकच्या आत, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून करतो.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं सर्वांत जवळचं फोकसचं अंतर बदलत नाही. माझी 300 दीड मीटरपर्यंत फोकस करते, 1.4 सह तेच दीड मीटर, पण चतुर 1.4 पट मोठा. पावसाळा सरताना घोरावडेश्वरच्या उतारावर किंवा दुर्गा टेकडीवर गवताच्या टोकावर बसलेले चतुर आणि फुलपाखरं मी याच जोडीने घेतो. मॅक्रो लेन्स घेऊन वीतभर अंतरावर गेलं की चतुर उडतो. दीड मीटरवरून त्याच्या पंखांतल्या शिरा मोजता येतात आणि तो बसून राहतो. या एका कामासाठीही कन्व्हर्टर घ्यावा, असं मी पक्षी न बघणाऱ्या मित्रांनाही सांगतो.

2 चा कन्व्हर्टर मी वर मोडीत काढला, तरी तो माझ्या बॅगेत असतो, आणि हिवाळ्यात माळावर गेलं की लागतो. भोवत्यांच्या, म्हणजे हॅरियर पक्ष्यांच्या, माद्या आणि लहान वयाचे पक्षी लांबून सारखेच तपकिरी दिसतात. कोणती जात ते ठरवायला चेहरा आणि मानेभोवतीची फिकट कड दिसावी लागते. इंदापूरकडे कडबनवाडीच्या गवताळ माळावर भोवत्या जमिनीलगत तरंगत जातो तेव्हा 600 एफ/8, आयएसओ चढवलेला, असा फोटो निघतो. तो भिंतीवर लावण्याजोगा नसतो. रंग फिके, दाणे मोठे. पण कड दिसते, जात ठरते, आणि ई-बर्डवरच्या त्या दिवसाच्या यादीत 'भोवत्या, जात अनिश्चित' लिहायच्या जागी नाव लिहिता येतं, पुराव्याचा फोटो जोडून. चाकणचे प्लॉट वर्षागणिक भरत चालले आहेत. कुठल्या गवतावर कोण येत होतं याची नोंद शेड उभी राहण्याआधी व्हायला हवी, आणि तेवढ्यासाठी हा दाणेदार फोटो मला पुरतो.