परसातले वर्ष

मुळशी तालुक्यात परसातल्या कामांचा क्रम पाऊस ठरवतो. पिरंगुटजवळच्या भरे गावात ताम्हिणीइतका पाऊस पडत नाही; तरी आषाढात अंगण दिवसच्या दिवस वाळत नाही. भाजी, कोंबड्या आणि हातकाम या तिन्हींची आखणी म्हणूनच ओल गृहीत धरून करावी लागते.

मृग लागण्यापूर्वी मांडव उभा असावा. दोडका, पडवळ, कारले, घोसाळे यांच्या बिया पहिल्या चांगल्या पावसावर उंचवट्यावर टोकतात; मुळाशी पाणी तुंबले की वेल पिवळा पडून बसतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आपोआप माजते, त्याला वेगळे काही करावे लागत नाही.

कोंबड्यांच्या बाबतीत जातीची चर्चा फार होते आणि खुराड्याची कमी. खरे तर पावसाळ्यात कोंबडी जगते ती कोरड्या खुराड्यामुळे. जमीन ओली राहिली की पिलांना रक्ती हगवण लागते. खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच असावे आणि त्यात वारा खेळता ठेवावा. तळाशी भाताच्या गिरणीतले तूस अंथरून ते वरचेवर हलवावे. दार मात्र मुंगसाला शिरता येणार नाही इतके घट्ट हवे. मानमोडी आली तर अख्खे खुराडे रिकामे होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात पिलांच्या डोळ्यांत लासोटा लसीचा थेंब घालतात. ही लस बर्फातूनच आणावी लागते.

वनराज, गिरिराज या सुधारित जाती गावरान कोंबडीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे घरच्या घरी पिले हवी असतील तर एखादी गावरान कोंबडी पाळणे केव्हाही शहाणपणाचे. पाटीत पेंढा पसरून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडापुढे धरले, की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसते. वांझ अंडे नितळ दिसते, ते काढून घ्यावे. 21 व्या दिवशी पिले कवच फोडतात. त्याआधीचे दोन-तीन दिवस अंड्यांना हात न लावणेच बरे.

दिवाळीच्या सुमारास भात निघाले की पेंढा आणि तूस मुबलक होते. कोंबडखत उष्ण, ताजे घातले तर रोपे करपतात. ते पालापाचोळ्यात मिसळून, अधूनमधून वरखाली करून, दोन-तीन महिने कुजवलेले उत्तम. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल-पावटा येतो, आणि जुने खत घातलेल्या वाफ्यात मेथी.

थंडी हा हातकामाचा काळ. डालगे विणायला पक्व बांबू घ्यावा. कोवळा सुकताना आक्रसतो आणि वीण सैल पडते. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातले पिष्ट निघून जाते आणि भुंगा कमी लागतो. बुरुडाच्या हातचे डालगे वर्षानुवर्षे टिकते, कारण तो कामट्या एकसारख्या जाडीच्या काढतो. नवशिक्याने विणण्याआधी तेवढेच शिकावे.

उन्हाळ्यात बियांसाठी राखलेले दोडके वेलावरच खडखडीत वाळवून बी राखेत घोळून ठेवतात. याच दिवसांत उकाड्याने कोंबड्या चोच उघडी ठेवून धापा टाकू लागतात. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचे कवच पातळ होते. सावलीत मातीच्या पसरट भांड्यात गार पाणी आणि खाण्यात शिंपल्यांचा चुरा, एवढी सोय मार्चपासूनच सुरू करावी.