जयंतीचं प्रदर्शन आणि मागणीची चिठ्ठी

एप्रिल आला की विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाराशीच टेबलं मांडली जातात. निळं कापड, बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो आणि त्यापुढे ग्रंथ. ६ डिसेंबरला पुन्हा तेच. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत होतो तेव्हा या प्रदर्शनाचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचो. अभिमान वाटायचा.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतल्या एका मुलीबरोबर पुन्हा तिथं गेलो. तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय तमाशातल्या दलित स्त्रिया. प्रदर्शनात शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड होते, चरित्रं होती. आमच्या वेळी होती तीच, जवळपास त्याच क्रमाने. आठ दिवसांनी ते सगळं संदर्भ विभागात जातं आणि घरी मिळत नाही.

शेजारी 'नवीन पुस्तके' असं लिहिलेलं रॅक होतं. त्यात स्पर्धा परीक्षा, व्यवस्थापन, संगणक. शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' २०२२ साली आलं. ते तमाशातल्या दलित स्त्रियांवरच आहे. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी स्टेटस ठेवले. पण ते पुस्तक ना रॅकवर होतं, ना संगणकाच्या यादीत.

आम्ही काउंटरवर जरा चढ्या आवाजातच विचारलं. कर्मचारी शांतपणे म्हणाले, "मागणी केली होती का कुणी?" त्यांनी मागणीची वही पुढे ठेवली. वर्षभराच्या नोंदींत जातीच्या अभ्यासावरच्या एकाही पुस्तकाची मागणी नव्हती. आणि आम्ही? दोन वर्षं तिथं शिकलो, एकदाही चिठ्ठी भरली नाही. अशी चिठ्ठी असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

यात ग्रंथालयाला सोडून द्यायचं कारण नाही. चिठ्ठीची सोय विद्यार्थ्यांना सांगायला हवी, आणि विषय शिकवणाऱ्यांनीही पुस्तकं सुचवायला हवीत. ज्या माणसाने पुस्तकांसाठी राजगृह बांधलं, त्याचे ग्रंथ हार घालून मांडायचे आणि नंतर कुलपात ठेवायचे, याला अभिवादन म्हणायचं का?

पण आपलं काय? १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात बोले ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. तरी तळ्याच्या पाण्याला आपला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. मधली वर्षं हक्क कागदावर होता. तो कागदावरून खाली उतरवायला माणसांना चालत जावं लागलं. इथं तर कुणी काठ्या घेऊन उभं नाही. एक चिठ्ठी भरायची आहे, तेवढीही आपण भरत नाही. खरेदीचा पैसा मग मागणाऱ्यांच्या विषयाकडे जातो, आणि नवीन पुस्तकांच्या रॅकवर आपण दिसत नाही म्हणून आपण चिडतो.

त्या मुलीने त्याच दिवशी चिठ्ठी भरली. हॉस्टेलमधल्या आणखी पाच जणांनी वेगवेगळ्या पुस्तकांच्या भरल्या. विभागातल्या एका प्राध्यापकांची सही मिळाली. तिचा प्रबंध मे महिन्यात जमा झाला. पुस्तक आलं ऑगस्टमध्ये. तिला ते कामाला आलं नाही. ती म्हणाली, "दादा, पुढच्या पोरीला तरी मिळेल." आमच्या वेळी आम्ही मागितलं असतं, तर आज तिला वाट पाहावी लागली नसती, हे आम्हाला तेव्हा फार लागलं.

म्हणून मित्रांनो, आपापल्या ग्रंथालयात जाऊन एवढं विचारा: मागणीची वही कुठे आहे, खरेदीची यादी कधी बनते, सही कुणाची लागते. या जयंतीला प्रदर्शनाचा फोटो जरूर काढा. त्याआधी एक चिठ्ठी भरा.

जय भीम!